मुकादमांचा डावा डोळा

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे निम्म्यातच थांबावं लागलं. उरलेला निम्मा समक्ष करीन.)

तुमच्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली, थेंब दिवसातून चार वेळांचे दोन वेळांवर आले आणि डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली, हे परवा तुमच्या लेकीनं फोनवर सांगितलं. परवानगी मिळाल्याबरोबर तुम्ही आधी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचलीत आणि मग तिच्या खिडकीच्या पडद्याची शिवण दोन सूत वाकडी असल्याचं दाखवून दिलंत, हेही कळलं. (ती जरा हिरमुसली होती. पडदा तिनंच शिवला आहे.) ऐकून आम्हा दोघांचा जीव भांड्यात पडला. मोतीबिंदू निघाल्याचं डॉक्टरांनी दहा कागदांवर लिहून दिलं असतं तरी आमचा इतका विश्वास बसला नसता. आमचं म्हणाल तर सगळं ठीक आहे. हिचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे आणि दोन ओळींत बोटभर जागा सोडली आहे, म्हणून पत्र जाड दिसेल. दचकू नये.

दचकू नये हे मुद्दाम लिहिलं, कारण तुमची सवय मला ठाऊक आहे. पत्र हातात पडलं की तुम्ही आधी शेवटचं पान वाचता. म्हणून इथेच, पहिल्या पानावर, नमस्काराच्या खालोखाल लिहून टाकतो की मुकादम जिवंत आहेत. आता शेवटचं पान उघडायचं कारण उरलेलं नाही, तेव्हा कृपा करून क्रमानं वाचावं.

गेल्या सहा आठवड्यांत मी तुम्हाला चार चिठ्ठ्या पाठवल्या आणि तुमच्या लेकीनं त्या तुम्हाला वाचून दाखवल्या. चारही चिठ्ठ्यांत 'मुकादम मजेत आहेत' हे वाक्य होतं. वहिनी, त्यांतलं पहिल्या चिठ्ठीतलं खरं होतं. दुसरं आणि तिसरं धडधडीत खोटं होतं आणि चौथं अर्धं खरं होतं. ऑपरेशननंतर रडायचं नाही, वाकायचं नाही, जिवाला लावून घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी तुम्हाला बजावलं होतं. अशा वेळी दादांनी मागे ठेवलेल्या माशाचा डोळा सुजला आहे हे मी कोणत्या तोंडानं कळवणार होतो? दादांना जाऊन वर्ष झालं. त्यांचे कपडे तुम्ही वाटून टाकलेत, चष्मा दिलात, सायकल दिलीत. दिला नाहीत तो एवढा एक बोटभर निळा मासा. ऑपरेशनसाठी लेकीकडे जाताना तुम्ही ती काचेची टाकी माझ्या हातात दिलीत आणि फक्त "सांभाळा" म्हणालात. (दुकानदार या जातीला बेटा म्हणतात, कोणी फायटर म्हणतात. दिवसभर काम काही करत नाही आणि सगळ्यांकडे रागानं बघतो, म्हणून दादांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. तेव्हापासून मी तरी त्यांना अरेतुरे केलेलं नाही.) तेव्हा काय घडलं ते आता सगळं सांगतो. रागवायचं ते सावकाश रागवा.

टाकी आम्ही दुकानात कटिंगच्या टेबलाच्या टोकाला, भिंतीलगत ठेवली होती. उजेड भरपूर, माणसांची ये-जा आणि समोर ट्रायलचा आरसा. पहिले दोन दिवस मुकादम आरशातल्या मुकादमांशी भांडून दमले, तेव्हा हिने आरशाच्या त्या कोपऱ्यावर अस्तराचं कापड लावलं. तेवढं आम्हाला कळलं. पण मला वाटलं, एवढ्या मोठ्या टाकीत एकटे राहतात, घर रिकामं रिकामं दिसतं. म्हणून मी बाजारातून त्यांच्यासाठी एक प्लॅस्टिकचा किल्ला आणला. बुरूज चार, दरवाजा एक, खिडक्या दोन. मुकादमांना तो इतका आवडला की खिडकीतून आत आणि दरवाजातून बाहेर अशा त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी गिऱ्हाइकांना हातातली टेप खाली ठेवून ते दाखवत असे. एका गिऱ्हाइकाची कंबर त्या नादात दोनदा मोजली गेली आणि दोन्ही वेळा वेगळी आली.

आठवड्यानं सकाळी दुकान उघडलं तर मुकादम कोपऱ्यात, पानाआड. डावा डोळा बाहेर आलेला, सैल दोऱ्यावर उभ्या राहिलेल्या बटणासारखा, आणि त्यावर पांढुरकी साय. मी हिला हाक मारली, हिने बघितलं, आणि आम्ही दोघं नवराबायको एका माशासमोर पाच मिनिटं काही न बोलता उभे राहिलो. (एकतीस वर्षांत इतका वेळ आम्ही एकत्र गप्प बसल्याचं आठवत नाही.) मग मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण खरं सांगायचं ठरवलं आहे. मी चमचाभर मीठ टाकीत टाकलं. अंदाजानं. कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं की माशांना मीठ चांगलं. त्यानंतर मी माझ्या स्वतःच्या डोळ्यांचे थेंब घेऊन आलो होतो, ते हिने हातातून काढून घेतले. थेंब टाकीत पडले असते तर पहिल्या पानावरचं ते वाक्य मला लिहिता आलं असतं की नाही, सांगता येत नाही. हिचे उपकार मी तोंडावर मानत नाही, म्हणून इथे मानतो.

त्या दिवशी दुकानात जो आला त्यानं सल्ला दिला. एकानं पाणी गार करायला सांगितलं, दुसऱ्यानं गरम करायला. कोटाची ट्रायल द्यायला आलेले एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले की त्यांच्याकडे पूर्वी पोपट होता, त्याला असंच झालं होतं. पोपटाचं पुढे काय झालं हे विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. शेवटी आपल्या ओळखीचे कुत्र्यामांजरांचे डॉक्टर आले. हे डॉक्टर तुम्हाला आठवत असतील. खिशात कुत्र्यांची बिस्किटं ठेवतात, कुत्री खिशात तोंड घालतात आणि दर महिन्याला ते एक खिसा शिवून घ्यायला येतात. त्यांनी टाकीपुढे बसून बराच वेळ बघितलं आणि सरळ सांगितलं की माशांची मला फारशी माहिती नाही. वहिनी, त्या दिवसभरात 'मला माहिती नाही' असं म्हणणारा हा पहिला माणूस, आणि नेमकी त्याच्याकडेच पदवी होती. त्यांनीच मला शोभेच्या माशांच्या दुकानात पाठवलं. तिथल्या बाई पंचवीस वर्षं फक्त मासे बघत आल्या आहेत, आधी त्या काय म्हणतात ते विचारा, मग औषधाचं मी बघतो, म्हणाले.

त्या बाई म्हणजे एक प्रकरण आहे. उंच, किरकोळ, बोलतात कमी, आणि तुमच्यासारखं भुवई उचलून बघतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मीठ किती टाकलं? मी म्हटलं, अंदाजानं. त्यांनी विचारलं, अंदाजानं म्हणजे किती? आता काय सांगू? अर्ध्या सुताच्या फरकावरून गिऱ्हाइकाला परत पाठवणारा माणूस मी, आणि दादांच्या माशाला मी मीठ अंदाजानं घातलं होतं. मग त्यांनी विचारलं, टाकीत नवीन काय ठेवलंत? मी किल्ल्याचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, घरी जा, एखादं तलम रेशीम घ्या आणि त्या किल्ल्यावरून फिरवा. धागा ओढला गेला तर समजा.

मी दुकानात आलो, किल्ला बाहेर काढला आणि रेशमाची चिंधी फिरवली. खिडकीच्या कडेला कापड असं अडकलं की सोडवताना फाटलं. वहिनी, आपल्या कटिंगच्या टेबलावर कापडाचा एक धागाही ओढला जाऊ नये म्हणून मी दर वर्षी सबंध टेबल घासून घेतो. ही शिस्त दादांची. आणि त्याच टेबलावरच्या टाकीत मी धार लावलेल्या पात्यासारख्या कडांचा किल्ला ठेवला आणि दादांच्या माशाला त्यातून दिवसाला चाळीस फेऱ्या मारायला लावल्या. डोळा तिथेच खरचटला, आणि त्या जखमेत जंतू शिरले. तो किल्ला मी कात्रीनं कापायचा प्रयत्न केला. कात्रीची धार गेली. किल्ल्याला काही झालं नाही.

बाईंनी सांगितलं तसं आम्ही मुकादमांना एका मोठ्या काचेच्या बरणीत हलवलं. रोज थोडं पाणी बदलायचं, नवं पाणी जुन्याइतकंच कोमट पाहिजे, सूज उतरवणारं एप्सम सॉल्ट त्यांनी मोजून पुड्या करून दिलं होतं तेवढंच घालायचं. (पुड्यांवर तारखा घातल्या होत्या. माझ्या अंदाजावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.) आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळे नीट बघून वहीत लिहून ठेवायचं, कारण दुखणं एकाच डोळ्यात असेल तर बहुधा मार लागलेला असतो, पण दोन्हीत दिसायला लागलं तर आतून अंगात पसरतंय असं समजायचं आणि लगेच डॉक्टरांना गाठायचं. मी मापांच्या वहीतच एक पान काढलं. वर नाव 'मुकादम', छाती-कंबर-बाही रिकामी, आणि खाली डोळे. सकाळचं मी लिहायचं आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असते म्हणून हिने लिहायचं, असं ठरलं.

चार दिवसांनी मी ते पान डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. सकाळी डावा डोळा सुजलेला, उजवा ठीक. संध्याकाळी उजवा सुजलेला, डावा ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी परत डावा. असं चारही दिवस. ते म्हणाले की मी तीस वर्षं जनावरं बघतोय, पण दिवसातून दोनदा बाजू बदलणारं दुखणं माझ्या बघण्यात नाही. डॉक्टरांनी ताबडतोब बाईंना फोन लावला, दोघांनी मिळून बरणीतलं पाणी किती, मासा केवढा याचा हिशेब मांडला आणि जंतूंवरचं औषध सात दिवस द्यायचं ठरलं. पहिला डोस त्याच दुपारी पडला.

घोळ कळला तिसऱ्या दिवशी, डॉक्टर खिसा शिवून घ्यायला आले तेव्हा. बरणीपुढे बसले आणि म्हणाले, दुखणं तर एकाच डोळ्यात आहे. मी म्हटलं, हो, डाव्या. त्याच क्षणी हिने म्हटलं, हो, उजव्या. वहिनी, तुम्ही आत्ता हसत असाल, आणि तुम्हालाच हसायचा अधिकार आहे. मी मुकादमांचा डावा तो डावा लिहीत होतो. ही समोरून बघून आपल्या उजव्या हाताला येतो तो उजवा लिहीत होती. ही भरतकामातली. चौकटीवर कापड ताणलं की समोरून दिसतं तेच डावं-उजवं, यात तिची काहीही चूक नाही. एकतीस वर्षं आम्ही एका दुकानात काम करतो, पण कटिंग माझ्याकडे आणि भरतकाम तिच्याकडे, त्यामुळे दोघांनी मिळून एकच माप लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. ती आली ती मुकादमांच्या डोळ्यावर.

आता मला ही सवय कुठून लागली, हे तुमच्याशिवाय कोण जाणतं? मी सोळा वर्षांचा असताना दादांनी पहिल्यांदा मला एकट्याला कापायला दिलं, तो तुमचा हिवाळी कोट. करड्या रंगाचं जाड लोकरी कापड, तुम्ही किती दिवस जपून ठेवलेलं. मी कापड दुमडून न घेता एकेक बाही सुटी कापली आणि दोन्ही वेळा कापडाची तीच बाजू वर ठेवली. दोन डाव्या बाह्या झाल्या. बदलायला कापड उरलेलं नव्हतं. दादांचा चेहरा बघून मी मागच्या दारानं पळणार होतो. तुम्ही तो कोट अंगात घातलात, आरशात बघितलंत, उजवा हात जरा फिरवून पाहिलात आणि म्हणालात, "ऊब तर आहे." मग मला जवळ उभं करून सांगितलंत, "भाऊजी, समोरून बघू नका. ज्याच्या अंगात जायचंय त्याच्या बाजूनं बघा." आणि तो कोट तुम्ही तीन हिवाळे वापरलात. कोणी विचारलं की सांगायचात, नवीन तऱ्हा आहे. वहिनी, त्या दिवशी तुम्ही एक शब्द वेगळा बोलला असतात तर मी आज शिंपी नसतो. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. आज सांगतो, मी तुमचा फार ऋणी आहे.

असो, नाकातून पाणी यायला लागलं, परत मुकादमांकडे वळतो. घोळ कळल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, मग औषध थांबवायचं का? ते म्हणाले, सुरू केलेलं औषध मध्ये सोडायचं नाही. आणि शिवाय डोळ्यावरची साय बघता नुसत्या एप्सम सॉल्टवर हे आवरलं नसतं, दोन-चार दिवस वाट बघण्यात गेले असते आणि मासा हातचा गेला असता. थोडक्यात, वही चुकली पण औषध बरोबर पडलं. तेव्हापासून ही मला रोज ऐकवते की मुकादम तिच्या उजव्यामुळे वाचले. मी कानाडोळा करतो.

पण वाचले हे इतकं सोपं नव्हतं. औषधाच्या पाचव्या दिवसापर्यंत सूज उतरायला लागली, साय पातळ झाली, आणि मुकादमांनी खाणं सोडलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. दाणा टाकला की तो पाण्यावर तरंगत राहायचा आणि हे तळाशी, पंख मिटून पडलेले. बाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, दुखणं हटलंय, पण त्याला त्या बाजूनं दिसत नाही आणि शोधायची उमेद राहिलेली नाही. त्यावर औषध नाही. मी दुकानात शिवणकाम सोडून बरणीपुढे बसायला लागलो. हेडमास्तरांचा कोट तसाच खुंटीवर लटकत राहिला. ही मला म्हणाली, जेवून घ्या. मी म्हटलं, त्यांनी खाल्लं की खातो. त्या दिवशी तीही जेवली नाही. मला एकच दिसत होतं, की तुमचा डोळा बरा होईल, तुम्ही याल, आणि मी रिकामी बरणी पुढे करीन.

त्याच दुपारी तुमचा फोन आला. तुमच्या डोळ्यावर तेव्हा पट्टी होती आणि लेकीनं फोन कानाशी धरला होता. तुम्ही विचारलंत, "जेवतो ना नीट?" मी म्हटलं, अगदी पोटभर. (खोटं नंबर किती, मोजलं नाही.) तुम्ही म्हणालात, "म्हणजे ह्यांचं अंगुस्तान सापडलं वाटतं तुम्हाला. टेबलावर तीनदा टकटक केली की कसा वर येतो, बघितलंत ना? आजारी पडला होता तेव्हा तर हे तेवढ्यावरच त्याला भरवायचे." मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि सगळं दुकान उलटंपालटं केलं. अंगुस्तान दादांच्या जुन्या मशीनच्या खणात होतं, खडूच्या तुकड्यांत. ती टोपी बोटाच्या टोकावर चढवली तर ढिली. दादांचं बोट जाड. मी आत कापडाची एक पट्टी दुमडून घातली, टेबलावर बरणीशेजारी तीनदा वाजवलं, आणि आम्ही दोघं बरणीत वाकून बघायला लागलो.

काही झालं नाही. पुन्हा वाजवलं. तेव्हाही नाही. ही म्हणाली, इतक्या घाईनं नाही, थोरले भावजी सावकाश वाजवायचे. एक, मग थांबून दुसरं, मग तिसरं. तसं वाजवलं. वहिनी, मुकादम तळातून हलले. उजवी बाजू वर करून, जरा तिरके, वाटेत एकदा थांबून, पण वर आले, आणि दाणा घेतला. डॉक्टर सांगतात की टेबलाला बसलेला ठोका पाण्यातून अंगाला जाणवतो. असेल तसं. मी तेव्हा रडलो हे मान्य करतो. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, मला मनाई नव्हती. तुमच्या डोळ्यावर पट्टी असताना, इतक्या लांबून, काहीही माहीत नसताना तुम्ही त्यांना वाचवलंत.

आता सूज पूर्ण गेली आहे. डाव्या डोळ्यावर एक पांढरा ठिपका राहिला आहे, तो जाणार नाही असं डॉक्टर आणि बाई दोघांचंही मत पडलं. त्या बाजूनं मुकादमांना दिसत नाही, पण उजव्यानं दुप्पट रागानं बघतात. परत मोठ्या टाकीत आहेत, किल्ला नाही, त्याऐवजी बाईंनी दिलेली रुंद पानांची एक वनस्पती आहे, रेशीम फिरवून तपासलेली. (हा तोच मासा आहे का, अशी शंका तुमच्या मनात येईल. शेपटीच्या खालच्या कडेला दादांच्या वेळेपासून असलेली खाच तपासून घ्यावी.) जे घडलं ते माझ्या हातून घडलं, त्याची तुमची क्षमा मागतो. ज्यांनी ते निस्तरलं, ते डॉक्टर, त्या बाई, ही आणि तुम्ही, त्या सगळ्यांचे किती आभार मानू, कळत नाही. डॉक्टरांच्या सगळ्या खिशांना मी आतून चामड्याचं अस्तर लावून दिलं आहे. बाईंनी काही घ्यायला नकार दिला, पण त्यांच्या दुकानातल्या उंच स्टुलाला हिने भरतकामाची गादी करून दिली, ती त्यांनी भुवई न उचलता ठेवून घेतली. तुम्हाला काय द्यावं, ते सुचत नव्हतं.

लेकीला, जावयांना आशीर्वाद. डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत, पडद्याच्या शिवणीचा विषय परत काढू नये.

तुमच्या हाताखाली शिकलेला आणि अजून शिकत असलेला,
धाकटा दीर

ता. क. मुकादमांना न्यायला जावई रविवारी गाडी घेऊन येणार असं ठरलं होतं. पण डॉक्टरांचं म्हणणं असं की आजारातून उठलेल्या माशाला किमान दोन महिने जागचं हलवू नये. तेव्हा जावयांना त्रास देऊ नये.

ता. क. दुसरा. वरचं हिने वाचलं. डॉक्टर असं काहीही म्हणालेले नाहीत, हे लिहायला मला भाग पाडण्यात येत आहे. ते म्हणाले की झाकणाच्या डब्यातून हवं तिथे न्या. गोष्ट एवढीच आहे की रोज सकाळी दुकान उघडलं की मी अंगुस्तान घालून तीनदा वाजवतो, आणि तेवढा वेळ दादा दुकानात असल्यासारखं वाटतं. पण मासा तुमचा आहे. तुम्ही म्हणाल त्या दिवशी डब्यात घालून मी स्वतः आणून देईन.

ता. क. तिसरा. तुमचा डावा डोळा अजून व्हायचा आहे. तो इथे का करून घेऊ नये? डोळ्यांचं हॉस्पिटल दुकानापासून तिसऱ्या वळणावर आहे, मी चालत जाऊन बघून आलो. दुकानामागची खोली हिने झाडून ठेवली आहे, तिथून जिना चढावा लागत नाही आणि दार उघडं ठेवलं की पलंगावरून टाकी दिसते. हे सगळं मी माझ्या बाजूनं लिहिलं आहे, हे मला कळतं. लेकीच्या घरी तुम्हाला बरं वाटत असेल तर तिथेच राहावं, मी मनाला लावून घेणार नाही. फक्त एक अडचण आहे. करड्या लोकरीचं कापड मिळालं म्हणून मी तुमचा कोट कापला आहे, कापड दुमडून. पण वहीतलं तुमचं माप अकरा वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा ट्रायल द्यावी लागेल, आणि ट्रायल टपालानं होत नाही.

ता. क. चौथा, जाऊबाईंना धाकट्या जावेकडून. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. मापाचं काही खरं नाही. तुमचं माप त्यांना झोपेतही पाठ आहे. काजं-बटणं मी केली, कोट कधीच झालाय, फक्त एक बाही त्यांनी मुद्दाम टेबलावर काढून ठेवलीय आणि मला हात लावू देत नाहीत. त्या पहिल्या कोटाला दोन डाव्या बाह्या होत्या म्हणे. याला अजून एकही डावी नाही. डावी म्हणजे तुमची डावी. या.